आटपाडीच्या बाजारापर्यंत : सातारा-सांगलीतील पशुपालन आणि मांस व्यवसायाची पार्श्वभूमी

साताऱ्यातील माण, खटाव आणि सांगलीतील आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाऊस वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. त्यामुळे ज्या वर्षी पीक बुडाले त्या वर्षी घर तगले ते जनावरांवर. या पट्ट्यात शाश्वत आणि एकात्मिक, म्हणजे पैदाशीपासून विक्रीपर्यंतचे दुवे एकमेकांना जोडलेला, मांस व्यवसाय उभारावा, असे आज बोलले जाते ते एखादी नवी कल्पना मांडावी तसे. प्रत्यक्षात एकात्मिकता इथे पूर्वीपासून होती. तिचे दुवे एकेक करून निखळले, आणि ते का निखळले हे समजून घेतल्याखेरीज पुढची आखणी टिकणार नाही, असे मला मनापासून वाटते.

धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे कुटुंबांचे तांडे, दिवाळीनंतर चाऱ्याच्या शोधात बाहेर पडत आणि पावसाच्या तोंडावर परत येत. वाटेतले शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत. वाघरीच्या जाळ्यात रात्रभर कोंडलेला कळप पहाटे उठला की मागे लेंड्यांचा सारखा थर आणि मुताने भिजलेली जमीन राही, आणि त्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा रोख रक्कम मिळे. लोकर म्हसवडसारख्या गावांत घोंगडीसाठी जाई, दूध वाड्यावरच लागे. शेतीच्या ओढकामाला याच भागातले खिलार बैल होते. औंध संस्थानातील आटपाडी महालाचे नाव तर खिलारच्या एका प्रकाराला कायमचे चिकटले आहे. कळपाच्या अनेक उत्पन्नांपैकी मांस हे केवळ एक होते.

पहिला धक्का चराईला बसला. १८७६-७८ च्या दुष्काळातून हा मुलूख सावरतो न सावरतो, तोच १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांतील चराई सरकारी परवानगीची बाब झाली. पुढे गायराने आक्रसली आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी पोहोचले तिथे मोकळ्या रानांच्या जागी ऊस आणि द्राक्षे आली. हे पाणी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मागितलेले होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण कळपाच्या वाटा मोडल्या, हेही खरे. लोकरीचे तसेच झाले. गिरणीच्या चादरींपुढे घोंगडी मागे पडली आणि दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर कातरणीचा खर्चही भरून काढीनाशी झाली. मेरिनोसारख्या परदेशी जातींशी संकर करून लोकर सुधारण्याचे प्रयत्न झाले खरे, परंतु मेंढपाळाच्या हातात पैसा येत होता तो कोकरू विकून.

हे ओळखून झालेले महत्त्वाचे काम फलटणचे आहे. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९३ मध्ये मांसासाठी प्रसिद्ध असलेली बोअर शेळी भारतात आणली. त्याहून मोलाचे काम मेंढीवर झाले. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातील लहानखुरी गारोळ मेंढी मात्र एका जनुकामुळे जुळी कोकरे देते. १७९२-९३ च्या सुमारास बंगालमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांबरोबर हेच जनुक तिथल्या बुरूला मेरिनो मेंढीत उतरले, असे मानले जाते. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गारोळमधून दख्खनीत आणले, अंगलोट दख्खनीचीच ठेवली, आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. मेंढपाळांच्या स्वतःच्या कळपांत, त्यांच्याच चाऱ्यावर ती पारखून पाहिली गेली, हे मला या कामाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. मडग्याळची उंच, बाकदार नाकाची मेंढी जत तालुक्यातल्या पशुपालकांनी निवडीने जपली, तीही अशाच जाणत्या नजरेने.

सरकारी पातळीवर १९७८ मध्ये मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. दहिवडी आणि रांजणी येथे त्याची प्रक्षेत्रे आहेत. १९८८ मध्ये शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आले. पैदास आणि उपचार यांची सोय अशी होत गेली, विक्रीची मात्र झाली नाही. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेनंतर गावोगावी संकलन केंद्रे आली, फॅट मोजून दर ठरू लागला. ब्रॉयलर कोंबडीत पिल्लू, खाद्य, औषध आणि खरेदी एकाच कंपनीकडे गेली. शेळ्या-मेंढ्यांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात हे डोळ्यांनी दिसते. व्यापारी बोकडाच्या कमरेवर पंजा दाबून मांसाचा अंदाज घेतो, दोन्ही हातांनी उचलून वजन जोखतो आणि नगावर भाव सांगतो. हा अंदाज रोजच्या सरावाने पक्का झालेला असतो. वर्षातून चार-दोन जनावरे विकणाऱ्या बाईकडे तो नसतो, आणि चारा संपल्यामुळे जनावर परत नेणेही तिला परवडत नाही. दुष्काळात ही अडचण दुप्पट होते. २०१२-१३ च्या चारा छावण्या गाई-म्हशींसाठी होत्या. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून अडचणीच्या वर्षी विकून मोकळे होण्यासारखे जनावर म्हणजे मुख्यतः शेळी-मेंढीच उरली.

बाजारातून भरलेल्या गाड्या पुण्या-मुंबईकडे जातात. १९७१ मध्ये सुरू झालेल्या देवनारच्या कत्तलखान्यापर्यंतच्या शेकडो किलोमीटरच्या प्रवासात जनावराचे वजन घटते. कातडे, हाडे, रक्त आणि आतडी यांची किंमत होते ती तिकडेच. आणि ज्या रानात हा कळप बसत असे, तिथला बागाईतदार आज लेंडीखत ट्रॉलीच्या भावाने विकत घेतो.