गोचिडीनंतरचा ताप: लाइम की माकडताप?

कणकुंबी-जांबोटीच्या रानातून घरी आल्यावर मांडीला गोचीड चिकटलेली दिसली की हल्ली माणूस आधी मोबाईल उघडतो. तिथं लाइम या आजाराचं नाव येतं. चार दिवसांनी ताप भरला की तो बेळगावात येऊन लाइमचीच टेस्ट मागतो. मला धास्ती वाटते ती इथंच. आपल्या सह्याद्रीत पहिली शंका घ्यायची ती माकडतापाची, कन्नडमधल्या ‘मंगन कायिले’ची.

दोन्ही आजार गोचिडीतूनच येतात. पण लाइम बोरेलिया या जिवाणूचा. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या लाइम गावाचं नाव त्याला मिळालं. माकडताप विषाणूचा, १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर रानात तो पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ला तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दिसला, २०१६ला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. खानापूरकडची माणसं काजूच्या हंगामात त्याच भागात कामाला जातात.

लाइममध्ये ३ ते ३० दिवसांत चावलेल्या जागेभोवती लाल चट्टा उमटतो आणि पसरत जातो. माकडताप चट्ट्याची वाट बघत नाही. आठवडाभरात एकाएकी सणसणीत ताप, डोकं आणि अंग ठणकणं, काहींना नाका-हिरड्यांतून रक्त. काहींना बरं वाटल्यावर पुन्हा ताप उलटतो, त्यामुळं ताप उतरला म्हणून लगेच कामावर जाऊ नये.

खरा घोळ रक्ताच्या तपासणीत होतो. लाइमच्या नेहमीच्या टेस्टमध्ये जिवाणू शोधत नाहीत, त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या अँटिबॉडी शोधतात. त्या पुरेशा तयार व्हायला काही आठवडे जातात. चौथ्या दिवशी ‘निगेटिव्ह’ आलं, तर त्याचा अर्थ ‘लाइम नाही’ असा होत नाही. म्हणून लाइमच्या मुलखात ठसठशीत चट्टा दिसला की डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट येण्याआधीच औषध सुरू करतात. उलट, आजार बरा झाल्यावरही अँटिबॉडी कित्येक वर्षं रक्तात राहू शकतात. कर्नाटकातल्या नागरहोळे-बंदीपूर जंगल परिसरातल्या लोकांच्या रक्तात त्या सापडल्याचं संशोधन आहे. पण अँटिबॉडी असणं आणि आज आजार असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

माकडतापात तापाच्या पहिल्या दिवसांत विषाणूच रक्तात असतो, आरटी-पीसीआरमध्ये तो सापडतो. नंतरच्या दिवसांत आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर आधी तयार होणाऱ्या अँटिबॉडी बघतात. म्हणजे त्याच चौथ्या दिवशी लाइमची टेस्ट जवळजवळ निरुपयोगी, माकडतापाची आरटी-पीसीआर सगळ्यात कामाची.

लाइमवर डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिकं चालतात. माकडतापावर खास औषध नाही. पाणी, विश्रांती आणि रक्तस्रावावर लक्ष, हाच उपचार. शंभरातले तीन ते पाच दगावतात, म्हणून दिवस वाया घालवू नयेत.

डॉक्टरांना ‘लाइमची टेस्ट करा’ म्हणू नका. कुठल्या रानात गेला होता, कुठल्या तारखेला, गोचीड कधी काढली ते सांगा. वाटेत मेलेलं माकड दिसलं असेल तर तेही सांगा, आणि त्याला हात लावू नका.