एन बाय टेनची बाटली आली कुठून?

प्रॅक्टिकल जवळ आली की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, मॅडम, ऑक्झॅलिक ॲसिड लिटरला ६.३ ग्रॅम घ्यायचं की १२.६? आणि दोन्ही आकडे बरोबर असतात. ६.३ ग्रॅम म्हणजे एन बाय टेन, १२.६ ग्रॅम म्हणजे एम बाय टेन (एन म्हणजे नॉर्मॅलिटी, लिटरला किती इक्विव्हॅलंट; एम म्हणजे मोलॅरिटी, लिटरला किती मोल). मोहर सॉल्टला (लोहाचा एक क्षार) मात्र दोन्हीकडे ३९.२च येतात, त्यामुळे पोरं अजूनच गोंधळतात, जुनी नोट्सची वही कुणाचीतरी आणलेली असते त्यात एन असतं, पुस्तकात एम असतं. हे असं का झालं ते एकदा नीट सांगावं असं कधीपासून मनात होतं, कारण एकदा ते कळलं की गणित पाठ करावं लागत नाही असा माझा अनुभव आहे.

सुरुवात आपल्या गोव्यातूनच करूया. काजूच्या सीझनला भट्टीवर गेलात तर फेणीचा दम ग्रावात सांगतात, १९-२० ग्रावाची फेणी म्हणजे साधारण ४२ ते ४५ टक्के अल्कोहोल. ग्राव म्हणजे पोर्तुगीजमध्ये अंश, डिग्री. काचेची नळी द्रवात सोडायची, द्रव जितका हलका तितकी ती खोल बुडते, आकडा वाचायचा, झालं. ग्रॅम नाही, मोल नाही, गुणाकार नाही. जगभर द्रावणाची ताकद मोजायची पद्धत आधी हीच होती. १७६८ मध्ये फ्रान्समधल्या आंत्वान बोमे नावाच्या औषधवाल्याने स्केल बनवला तो तर चक्क मिठाच्या पाण्यावर, साधं पाणी म्हणजे शून्य आणि १०० भागात १५ भाग मीठ असलेलं पाणी म्हणजे १५. आमच्या रायबंदरच्या किंवा आगरवाड्याच्या मिठागरात जे चालतं ते याच स्केलवर वाचता येतं, समुद्राचं पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि ते आटत आटत २५-२६ टक्क्यांवर गेलं की मीठ खाली बसायला लागतं.

आता फेणीच्या बाटलीवरचा ४२.८ टक्के हा आकडा बघा. इतका विचित्र आकडा कशाला, सरळ ४० किंवा ४५ का नाही? कारण तो इंग्रजांच्या करातून आलाय. दारू बंदुकीच्या दारूवर ओतायची आणि पेटवायची, पेटली तर ती 'प्रूफ', अशी जुनी चाचणी सांगतात. मग १८१६ च्या कायद्याने साइक्सचा हायड्रोमीटर (द्रवात बुडणारी तसलीच नळी) आला आणि १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के असं ठरलं. ७५ प्रूफ म्हणजे त्याचे ७५ टक्के, काढून बघा, ४२.८ येतात. म्हणजे भट्टीवर पोर्तुगीजांचा शब्द आणि लेबलवर इंग्रजांचा आकडा, दोन्ही एकाच फेणीला.

पण घनतेवरून सगळंच कळत नाही. त्यात नेमकं काय आहे आणि ते किती काम करेल हे कळत नाही, आणि इथे कापड ब्लीच करणारे लोक पुढे आले. स्कॉटलंडमध्ये फ्रान्सिस होम याने १७५६ मध्ये पोटॅशची (राखेतल्या क्षाराची) परीक्षा कशी केली तर त्यात नायट्रिक ॲसिड चमच्याचमच्याने घालत गेला आणि फेस यायचा थांबेपर्यंत किती चमचे लागले ते मोजलं. टायट्रेशनच की हे, म्हणजे मोजून घालत जायचं आणि किती लागलं ते बघायचं! ब्युरेटऐवजी (खुणांच्या नळीऐवजी) चमचा आणि इंडिकेटरऐवजी (रंग बदलून थांब सांगणाऱ्या द्रव्याऐवजी) फेस. मला हा प्रसंग फार आवडतो, वर्गात सांगितला की पोरांच्या डोक्यातली ब्युरेटची भीती निम्मी जाते.

पुढे बर्थोलेने क्लोरीनने कापड पांढरं करायची युक्ती काढली, पण ते क्लोरीनचं पाणी जास्त तीव्र झालं तर कापडच जळायचं, कमी पडलं तर पिवळट राहायचं. म्हणून फ्रान्समधल्या रुआँ शहरातल्या देक्रोआझीय याने १७९० च्या दशकात खुणा केलेली नळी वापरून बघितलं की एवढं क्लोरीनचं पाणी किती निळीचा रंग घालवतं. त्याच वंशातली आपली ब्युरेट. ब्युरेट आणि पिपेट हे शब्द या अर्थाने रूढ केले ते गे-लुसॅकने, १८२४ च्या सुमारास.

आणि गे-लुसॅकपाशी थोडं थांबायलाच हवं, कारण 'नॉर्मल' हा शब्द तिथला आहे. पॅरिसच्या टांकसाळीत नाण्यातली चांदी भट्टीत घालून तपासायचे, त्यात थोडी चांदी वाया जायची आणि आकडा कमी यायचा. त्याने १८३० च्या दशकात त्याऐवजी मिठाच्या द्रावणाने चांदी खाली बसवायची पद्धत दिली. मिठाचं पाणी असं बनवायचं की १०० मिली पाण्याने बरोबर १ ग्रॅम चांदी खाली बसली पाहिजे, आजच्या हिशोबाने त्या १०० मिलीत ०.५४२ ग्रॅम मीठ पडतं. हे नॉर्मल, म्हणजे ठरवून दिलेलं, प्रमाण द्रावण. त्याचंच दहापट पातळ केलेलं दुसरं, ज्याच्या १ मिलीला १ मिलिग्रॅम चांदी. म्हणजे गणित बाटलीतच करून ठेवलेलं, कामगाराने फक्त मिली वाचायचे! एन बाय टेन मधलं 'बाय टेन' बघा कुठून सुरू होतं.

फक्त ते द्रावण चांदीपुरतंच उपयोगी. सगळ्यांना चालेल असं द्रावण व्हायला इक्विव्हॅलंटची कल्पना लागली, किती ॲसिडला किती अल्कली पुरते याचा हिशोब रिख्टरने १७९२ पासून मांडला, वोलास्टनने १८१४ मध्ये तर त्याची सरकपट्टीच बनवली. मग जर्मनीत फ्रीडरिख मोहर (हो, मोहर सॉल्टवालाच) याने १८५५ च्या आपल्या टायट्रेशनच्या पुस्तकातून ही पद्धत घरोघरी नेली, लिटरला एक इक्विव्हॅलंट म्हणजे नॉर्मल. एकदा हे ठरलं की कुठलंही ॲसिड कुठल्याही बेसशी मिलीला मिली जुळतं, एन वन व्ही वन बरोबर एन टू व्ही टू (नॉर्मॅलिटी गुणिले आकारमान दोन्हीकडे सारखं) हे सूत्र इतकं सोपं आहे ते यामुळे.

मग बिघडलं कुठे? पोटॅशियम पर्मँगनेटमध्ये. ॲसिडमध्ये ते पाच इलेक्ट्रॉन घेतं, म्हणून एका इक्विव्हॅलंटचं वजन रेणूवजन १५८ भागिले ५, ३१.६. न्यूट्रल द्रावणात तीनच घेतं, म्हणून ५२.७. म्हणजे बाटली तीच, आतलं द्रावण तेच, पण एका रिॲक्शनला एन बाय टेन आणि दुसरीला नाही. लेबल बाटलीबद्दल न राहता तुम्ही पुढे काय करणार त्याबद्दल झालं, आणि माझ्या मते नॉर्मॅलिटी मागे पडली याचं खरं कारण हेच. रेणू मोजले तर ही भानगड राहत नाही. पण त्यासाठी रेणूचं वजन नक्की हवं, आणि ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये सांगितलेलं (सारख्या आकारमानाच्या वायूत सारखेच रेणू) लोकांना पटायला १८६० ची कार्ल्सरूची परिषद आणि तिथला कानिझारो लागला. 'मोल' हा शब्द ओस्टवाल्डने १८९० च्या दशकात आणला, एसआय (आंतरराष्ट्रीय एकक पद्धत) मध्ये तो १९७१ ला बसला, आणि २० मे २०१९ पासून मोल म्हणजे बरोबर ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण.

मधल्या मधे लिटरचीही एक गंमत झाली. १९०१ ते १९६४ लिटर म्हणजे १ किलो पाण्याचं आकारमान असं धरायचे, त्यामुळे मिली आणि सीसी (घन सेंटिमीटर) यांत दहा लाखांत २८ भागांचा फरक होता. जुने सर लोक हट्टाने सीसी म्हणायचे तेव्हा मला ती नुसती सवय वाटायची.

गोव्यात १९६२ मध्ये चौगुले आणि धेंपे कॉलेजं सुरू झाली तेव्हा टायट्रेशनची पुस्तकं नॉर्मॅलिटीतलीच होती, त्या पिढीकडून शिकलेल्यांनी आम्हाला शिकवलं, आणि आजच्या बारावीच्या पुस्तकात मोलॅरिटी. म्हणून मी पर्मँगनेटच्या बाटलीवर तीन ओळी लिहिते: ०.०२ एम, लिटरला ३.१६ ग्रॅम, आणि खाली 'ॲसिडमध्ये एन बाय टेन'.