हौद्यातलं घर : जुन्या ट्रक कॅम्परची पार्श्वभूमी

अमेरिकेत जुना ट्रक कॅम्पर सापडतो तो बहुतेकदा ट्रकविना. पिकअप केव्हाच भंगारात गेलेली असते आणि तिच्या हौद्यात बसणारी खोली कुणाच्या तरी परसात ठोकळ्यांवर उभी असते. जॅकवर खोली उचलायची आणि गाडी खालून काढून घ्यायची, ही तिची मूळ सोय. त्या सोयीमुळेच ती वाचली, आणि त्या सोयीमुळेच वर्षानुवर्षं पावसात भिजत राहिली.

दुसरं महायुद्ध संपलं, पेट्रोलचं रेशनिंग उठलं. शिकारीला, मासेमारीला जाणाऱ्यांकडे पिकअप होतीच. अनेकांनी घरीच फळ्या-पत्रे ठोकून हौद्यावर निवारा उभारला. लष्करासाठी १९४२ मध्ये बांधलेला अलास्का महामार्ग १९४८ मध्ये सर्वांना खुला झाला, आणि त्या लांबलचक खडीच्या वाटेने मजबूत कॅम्परची गरज दाखवून दिली. १९५०च्या दशकात आलेल्या ‘अलास्कन’ कॅम्परचा वरचा अर्धा भाग हायड्रॉलिक पंपाने वर चढतो आणि प्रवासात खाली बसतो. त्यामुळे वारा कमी अडतो. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत देखणी वाटते ती हीच युक्ती. १९६० मध्ये लेखक जॉन स्टाइनबेक असंच घर जीएमसी पिकअपवर घेऊन देशभर फिरले. कादंबरीतल्या डॉन किहोतेच्या घोड्यावरून नाव दिलेली त्यांची ‘रोसिनांते’ आज कॅलिफोर्नियात सलिनासच्या संग्रहालयात आहे. पुढे मोटार कंपन्याच ‘कॅम्पर स्पेशल’ पिकअप विकू लागल्या. १९७३च्या तेलसंकटाने मात्र ही लाट ओसरली.

त्या काळातल्या बहुतेक कॅम्परचं हाड लाकडी: बारीक पट्ट्यांचा सांगाडा, आतून प्लायवुड, बाहेरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. कोपऱ्यांवरच्या धातूच्या पट्टीखालची लांबी (फटी बुजवायचा लगदा) वाळून तडकली की पाणी शिरतं. पत्रा गंजत नाही, म्हणून बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं आणि आत लाकडाचा भुगा झालेला असतो. सगळ्यात आधी जातो तो ड्रायव्हरच्या टपावर पुढे आलेला बिछान्याचा भाग. गाडी धावताना वारा आणि पाऊस थेट तिथेच आदळतो. म्हणून दुरुस्तीची सुरुवात रंगाने करू नये. कोपऱ्याच्या पट्ट्या उतरवा, पत्रा सोडवा, कुजलेली पट्टी नमुन्याला धरून तिच्याच मापाची नवी कापा, आणि सांधे ब्यूटिल टेपने, म्हणजे चिकट रबरी पट्टीने, बंद करा. मिशिगनमधल्या बेंटन हार्बरच्या ‘ॲव्हियन’ कॅम्परचा सांगाडाही ॲल्युमिनियमचा, त्यामुळे हे दुखणं तिथे कमी. तिथेही खालचं प्लायवुड मात्र स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावंच लागतं.