इंग्रजीत नाव छापायला देताना

परभणीतल्या आमच्या डीटीपी-छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, बायोडाटा सगळं होतं. मराठी मजकूर सहसा अडत नाही. प्रूफ अडतं ते इंग्रजी नावांवर. म्हणून हा कागद.

स्पेलिंग आणि क्रम

जाधवच्या शेवटी व्ही की ओ, वाघ डब्ल्यूने की व्हीने? दोन्ही चालतं, पण एका माणसाचं एकच हवं. आधार, पॅन, दहावीची सनद घेऊन या, त्यावरून टाइप करू. त्यांतच मेळ नसेल तर आधी ती दुरुस्ती करून घ्या, कार्ड नंतर छापू.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं. पासपोर्टच्या फॉर्मवर 'सरनेम' आणि 'गिव्हन नेम' असे वेगळे रकाने असतात; दुसऱ्यात स्वतःचं नाव आणि त्यापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी राज्य सरकारने सरकारी कागदांवर बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला आहे.

सगळ्यात जास्त घोळ शेख, सय्यद मंडळींच्या नावात होतो. आपल्याकडे 'शेख रहीम शेख करीम' असं लिहायची रीत. फॉर्म भरणारा शेवटचा शब्द आडनाव धरतो आणि रहीमभाई तिकिटावर 'मिस्टर करीम' होतात, म्हणजे वडिलांच्या नावाने विमानात बसतात! नवीन फॉर्म असेल तर शेख सरनेममध्ये टाका. पासपोर्ट आधीच निघाला असेल, तर त्यावर जसं आहे तसंच, अक्षरही बदलू नका.

मिस्टर, मिसेस वगैरे

मिस्टर आडनावाला लागतो: 'डिअर मिस्टर जाधव'. 'डिअर मिस्टर रमेश' नको. ब्रिटिशांच्या 'सर' किताबाचं मात्र उलटं, तो पहिल्या नावाला लागतो: सर आयझॅक म्हणतात, नुसतं सर न्यूटन म्हणत नाहीत. मिस्टरच्या छोट्या रूपापुढे अमेरिकेत टिंब देतात, ब्रिटनमध्ये आता बहुधा देत नाहीत. तुम्ही सांगाल तसं छापू, फक्त एका मजकुरात दोन तऱ्हा नकोत.

बाईंचं लग्न झालंय की नाही हे ऑफिसच्या पत्रात कशाला? एम आणि एस ही दोन अक्षरं लावा, उच्चार 'मिझ'. आणि सही करताना स्वतःच्या नावामागे मिस्टर किंवा श्री लावू नका. मान समोरच्याने द्यायचा असतो.

आधी डॉक्टर आणि मागे एमबीबीएस अशी पाटी आपल्याकडे रूढ आहे, आम्हीही छापतो. परदेशी पत्रव्यवहारात दोन्हींपैकी एकच ठेवा.

'चि. सौ. कां.' इंग्रजी पत्रिकेत गाळलं तरी चालतं. 'ह.भ.प.' गाळलं तर मांडवात ऐकून घ्यावं लागेल, म्हणून ते इंग्रजी अक्षरांत तसंच ठेवतो. पासपोर्ट, बँकेच्या फॉर्मवर मात्र यातलं काहीच नको.

पद्मश्री, पद्मभूषण नावाच्या आधी किंवा मागे जोडून छापणार नाही. हे सन्मान किताब म्हणून नावाला लावता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच सांगितलंय. खाली परिचयाच्या ओळीत सन्मानाचा उल्लेख करू.

प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. ज्याचं नाव आहे त्यानेच अक्षर न् अक्षर वाचून 'ओके' कळवावं. त्यानंतर चूक निघाली तर नव्या छपाईचे पैसे वेगळे पडतील.