फ्लाय रॉड घेऊन खाडीवर: गाइडशिवाय, कमी खर्चात

दुकानात फ्लाय रॉडची चौकशी करणाऱ्याचा पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा, "गाइड मिळेल का?" आम्ही गाइड देत नाही. कोकणातल्या खाडीच्या काठावर उभं राहून गरवायचं असेल तर त्याची फारशी गरजही पडत नाही. अशा सहलीत पैसे जातात ते दोन गोष्टींवर: होडी आणि गाइड. ते वाचवायचे तर तारीख आणि काठ दोन्ही विचारपूर्वक निवडावे लागतात. म्हणून या पत्रकात रॉडपेक्षा तिथी आणि वारा यांनाच जास्त जागा दिली आहे.

नव्या ग्राहकांसाठी आधी थोडक्यात. नेहमीच्या गरीला आपण शिसं लावतो आणि शिशाच्या जोरावर ती लांब जाते. फ्लाय म्हणजे गरीवर बांधलेली केसांची, पिसांची, चमकीची बनावट मासळी. तिला वजन जवळजवळ नसतं. वजन असतं जाड, लेप दिलेल्या लाइनला. फेकायची ती लाइन, फ्लाय तिच्या मागून जाते. त्यामुळे समोरून वारा आला की शिसंवाल्याचं काही बिघडत नाही, फ्लायवाल्याची मात्र लाइन तोंडावर येते.

तारीख कशी ठरवायची

किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी सांगतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसातून दोनदा, पहाटे-सकाळी एकदा आणि तशीच दुपारी-रात्री एकदा. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की सुकती (ओहोटी) पुरी होण्याची वेळ मिळते. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दोन महिने आधी घरी बसून सुट्टी ठरवायला तेवढा पुरतो. निघण्याच्या आठवड्यात मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-कोष्टकातल्या वेळा बघाच. आपल्याकडे दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि हा फरक पाऊणपटीत कळत नाही.

आता वारा. दिवाळीपासून साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, थोडा वेळ सगळं स्तब्ध होतं, आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत. म्हणजे सकाळी पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलात तर वारा पाठीशी असतो. नवशिक्याची लाइनसुद्धा अशा वेळी सरळ पडते. दुपारी त्याच जागी उभं राहणं म्हणजे हात दुखवून घेणं.

ही दोन गणितं एकत्र मांडली की तारीख आपोआप समोर येते. अष्टमी ते एकादशी या दिवसांत भरती सकाळी सहा ते सव्वाआठच्या दरम्यान पुरी होते आणि मतलई वारा असेपर्यंत पाणी सुकत राहतं. खाडीत गरवायला हीच वेळ हवी. शिवाय हे भांगाचे दिवस. पाण्याला उधाणाची ओढ नसते, गाळ कमी ढवळतो, पाणी त्यामानाने निवळ असतं. फ्लायला वास नाही आणि चव नाही, माशाला ती दिसली तरच उपयोग. उधाणाच्या गढूळ पाण्यात कोळंबी लावलेली गरी मासा काढेल, तुमची फ्लाय नाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उलट होतं. सुकती पहाटे पाचच्या सुमारास पुरी होते, खडक उघडे पडतात आणि पुढे वाढत्या पाण्यावर गरवता येतं. मजा आहे, पण पहिल्या सहलीत हे दिवस घेऊ नका असं आमचं मत आहे. खडकावर चालत पुढे जाताना मागची घळ भरत येते ती लक्षात येत नाही.

महिन्यांचं म्हणाल तर पावसाळा विसरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते आणि काठावरही उभं राहण्यासारखं पाणी नसतं. ऑक्टोबरात खाड्या निवळू लागतात. नाताळ ते ३१ डिसेंबर खोल्यांचे दर बघून परत जावंसं वाटतं. जानेवारीचा मधला आठवडा, फेब्रुवारी, आणि त्यातही सोमवार ते गुरुवार हे आमच्या मते सर्वांत स्वस्त आणि शांत दिवस.

कुठला काठ

चार रात्रींची सहल धरली तर एकच खाडी घ्या आणि चारही सकाळी तिथेच जा. रोज नवा किनारा बघायचा मोह झाला की पैसे रिक्षा-पेट्रोलात जातात आणि पाणी कुठलंच कळत नाही.

मालवणजवळच्या देवबागचं उदाहरण घ्या. तारकर्लीपासून पुढे वाळूची चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. सकाळी देवबागच्या खाडीकाठावर उभे राहिलात तर तोंड पूर्वेला आणि मतलई वारा थेट समोरून. तेव्हा सकाळी समुद्राच्या अंगाला जायचं आणि दुपारी खारा वारा सुटला की पट्टी ओलांडून खाडीच्या काठाला. तेव्हा वारा पाठीशी येतो, माड-सुरूंच्या आडोशाला त्याचा जोरही कमी होतो. फक्त मागे लाइन टाकताना झावळ्या बघा. आमच्या बऱ्याच फ्लाय देवबागच्या माडांवर आहेत. सकाळची सुकती खाडीतच साधायची असेल तर पलीकडच्या, वेंगुर्ले तालुक्याच्या काठाला मुक्काम बरा.

कालावल, आचरा, देवगड, विजयदुर्गची वाघोटण, रत्नागिरीजवळचं भाट्ये, सगळीकडे हाच विचार करायचा: नकाशा काढा, सकाळी पूर्व पाठीशी येईल असा काठ शोधा. मग त्या काठावर मुख्य खाडीला मिळणारी छोटी घळ बघा, जिच्या वरच्या अंगाला कांदळवन आहे.

अशा घळीच्या तोंडाशी सुकतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या तासाला नुसतं उभं राहून बघा. तिवरांच्या मुळांतून पाणी ओघळत येतं, त्याच्याबरोबर बोटभर बोयची पिल्लं आणि कोळंबी बाहेर पडते. घळीचं चहासारखं पाणी खाडीच्या हिरवट पाण्याला मिळतं तिथे एक रेघ दिसते. मोठा मासा त्या रेघेच्या आत, सावलीच्या बाजूला थांबलेला असतो. फ्लाय घळीच्या आत टाका, पाण्याबरोबर रेघेपर्यंत येऊ द्या, मग डाव्या हाताने लाइन वीतभर ओढा आणि थांबा. पुन्हा वीतभर, पुन्हा थांबा. क्लाउझर जातीच्या फ्लायला डोळ्यांच्या जागी धातूचे मणी असतात, त्यामुळे थांबलात की ती नाक खाली करून बुडते. मासा बहुतेक वेळा त्याच क्षणी घेतो. तेव्हा रॉड वर उचलू नका. नेहमीच्या गळाची सवय असलेला माणूस हमखास उचलतो आणि फ्लाय माशाच्या तोंडातून निसटते. रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने लाइन जोरात ओढायची. गरी बसली की मग रॉड.

जिताडा (इकडे खजुरा, गोव्याच्या बाजूला चोणक) आणि तांबोशी हे या घळींचे मानकरी. समुद्राच्या अंगाला रावस आणि टोळ (लांब चोचीचा मासा). पहिल्या सहलीत जिताडा मिळेलच असं आम्ही कुणालाही सांगत नाही. टोळ बहुधा मिळतो, आणि चोचीतून गरी काढताना चिमटा लागतो.

सामान

एकच रॉड घ्यायचा तर ९ फुटी, ८ नंबरचा (हा नंबर लाइनच्या वजनाचा), चार तुकड्यांचा. चार तुकड्यांचा अशासाठी की नळी रेल्वेच्या बर्थखाली आणि एसटीच्या रॅकवर मावते. रीळ खाऱ्या पाण्यासाठीचं, लाइन तरंगणारी एक. बुडत्या लाइनचा मोह पुढच्या वर्षी करा. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधली बारीक दोरी, ९ फूट, २० पौंडी. टोकाला हातभर ४० पौंडी तुकडा जोडा, कारण जिताड्याच्या कल्ल्यावरचं कवच सुरीसारखी धार धरतं आणि बारीक दोरी सहज कापली जाते.

फ्लाय डझनभर पुरे: सहा क्लाउझर, सहा डिसीव्हर (लांब पिसांची फ्लाय), पांढऱ्या-हिरव्या आणि पांढऱ्या-तपकिरी. क्लाउझर ही अमेरिकेतल्या बॉब क्लाउझर यांनी १९८७ साली बांधलेली फ्लाय; इतकी वर्षं झाली तरी तिच्याहून सोपी आणि कामाची दुसरी आम्हाला ठाऊक नाही. आम्ही ती बकरीच्या केसांची आणि साडीच्या जरीची बांधतो. बाहेरून मागवलेल्या सामानाइतकी देखणी दिसत नाही, पण हरवली तर जीव हळहळत नाही. घरी बांधायची असेल तर दुकानात या, पद्धत दाखवू. त्याचे पैसे घेत नाही.

निघण्याआधी पंधरा दिवस रोज अर्धा तास मैदानावर सराव करा. गरीऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. पन्नास फूट सरळ पडली की पुरे. खाडीवर येऊन शिकायला लागलात तर चारपैकी दोन सकाळी त्यातच जातील.

जाणं, राहणं, जेवण

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, म्हणजे अष्टमी-एकादशी पंचांगात बघून ठेवा आणि आरक्षण सुरू होईल त्याच दिवशी तिकीट काढा. मालवण-देवबागसाठी कुडाळला उतरायचं, दादरहून तुतारी एक्सप्रेस रात्रीची आहे. पुढे एसटी, महिलांना त्यात अर्धं तिकीट. गणपती आणि शिमग्याच्या आठवड्यात गाडीत पाय ठेवायला जागा नसते, ते दिवस टाळा.

दोन माणसं, चार रात्री असा अंदाज मांडू. घरगुती खोली रोजची १,५०० धरली तर ६,०००. जेवण-चहा माणशी रोज ६०० प्रमाणे ४,८००. रेल्वे, एसटी, रिक्षा मिळून ३,२००. हरवलेल्या फ्लाय आणि एखादी जादा रिक्षा यांना २,००० बाजूला ठेवा. एकूण १६,०००, माणशी ८,०००. हा साध्या सोयीचा आणि गर्दी नसलेल्या दिवसांचा आकडा आहे. स्वतःच्या माशावर जेवणाचा हिशोब मांडू नका. मिळालाच तर घरच्या काकूंना आधी विचारून द्या. तिखलं करायचं की तळायचं, ते त्या ठरवतील. खोली घेताना एवढंच विचारा की पहाटे साडेपाचला चहा मिळेल का आणि बाहेर गोड्या पाण्याचा नळ आहे का. एसीपेक्षा हा नळ महत्त्वाचा.

जिवाला जपून

नदी समुद्राला मिळते त्या संगमाशी सुकतीच्या वेळी पाण्यात उतरू नका. वाळूचा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो आणि ओढ गुडघाभर पाण्यातही माणूस नेते. स्थानिक माणूस "थय जाव नको" म्हणाला तर वाद घालू नका.

गाळात-वाळूत पाऊल उचलून टाकू नका, घासत न्या. तळाला पाकट पडलेली असते, पाय घासत गेला की ती आपणहून सरकते. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा. शिंगाळ्याच्या काट्यालाही हाच उपाय. खडकांवर कालवं असतात, चपलेने भागत नाही, जाड तळाचे बंद बूट हवेत. डोळ्यांवर चष्मा कायम, मासा असो नसो: वाऱ्याने वळलेली फ्लाय बहुधा चेहऱ्याकडेच येते. चिपळूणकडची वाशिष्ठी आणि महाडकडची सावित्री इथे मगरी आहेत, तिथे पाण्यात उभं राहून गरवायचं नाही.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे आणि त्याच्या गाभा क्षेत्रात मासेमारीला मनाई आहे. किल्ल्याजवळच्या खडकांवर रॉड घेऊन जाऊ नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर दोरीच्या आत उभे राहू नका. बाजूला व्हा, जमलं तर हात लावा. पुढच्या दोन दिवसांची पाण्याची खबर तुम्हाला तिथेच मिळेल.

मोठा जिताडा सोडा

जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठा मासा बहुधा अंड्यांची मादी. फोटो काढायचा तर पाण्यावरच काढा, हात ओले करून पोटाखाली आधार द्या, कल्ल्यात बोट घालू नका. गरीचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवला असेल तर ती एका हिसक्यात निघते. खाण्यापुरता मध्यम मासा ठेवा, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही.

भाड्याच्या सामानाविषयी

रॉड, रीळ आणि लाइन भाड्याने मिळतात. दर दुकानातल्या फलकावर आहेत, अनामत परत मिळते. रोज संध्याकाळी रॉड-रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, बादलीत बुडवून ठेवू नका, आणि सावलीत सुकवा. माशाने रॉड मोडला तर आम्ही अनामत कापत नाही. पण आमच्याकडे परत येणारे रॉड माशाने मोडलेले नसतातच. टोक जातं ते रिक्षाच्या दारात नाहीतर खोलीतल्या पंख्यात. त्याचे पैसे कापले जातील.