ओल्ड आयर्नसाइड्स (मूकपट, १९२६)

ओल्ड आयर्नसाइड्स : अमेरिकन नौदलाच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या शिडाच्या युद्धनौकेवर बेतलेला, देशभक्ती आणि सागरी साहस यांची सांगड घालणारा मूकपट. पॅरामाउंटने तो निर्माण केला व जेम्स क्रूझ यांनी दिग्दर्शित केला. मूळ कथा लॉरेन्स स्टॉलिंग्ज यांची होती. ६ डिसेंबर १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात तो प्रथम दाखवण्यात आला. चार्ल्स फॅरेल, एस्थर रॅल्स्टन, वॉलेस बीअरी आणि जॉर्ज बॅनक्रॉफ्ट यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

कथेला पार्श्वभूमी आहे ती भूमध्य समुद्रातील पहिल्या बार्बरी युद्धाची (१८०१–०५). उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सत्ता व्यापारी जहाजे पकडून खलाशांना ओलीस ठेवत आणि युरोपीय राष्ट्रांप्रमाणे अमेरिकेकडूनही खंडणी मागत. ऑक्टोबर १८०३ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ ही अमेरिकन युद्धनौका ट्रिपोलीजवळ (आजच्या लिबियात) खडकावर रुतली आणि तीनशेहून अधिक नौसैनिकांसह शत्रूच्या हाती पडली. १६ फेब्रुवारी १८०४ च्या रात्री लेफ्टनंट स्टीफन डिकेटर यांनी मोजक्या माणसांनिशी बंदरात शिरून ती जाळून टाकली आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात कमोडोर एडवर्ड प्रेबल यांच्या आरमाराने ट्रिपोलीवर तोफा डागल्या. प्रेबल आणि डिकेटर ही दोन्ही पात्रे चित्रपटात आहेत, परंतु कथा त्यांची नाही. ‘कॉन्स्टिट्यूशन’वर भरती होण्यासाठी निघालेला एक तरुण फसवला जाऊन ‘एस्थर’ नावाच्या व्यापारी जहाजावर येऊन पडतो. तेथील दांडगट तांडेल, त्याच्याशी सतत कुरबुर करणारा तोफची आणि जहाजावरील तरुणी यांच्या सोबतीने तो चाच्यांच्या कैदेपर्यंत आणि तेथून अखेर युद्धापर्यंत पोहोचतो. प्रेमकथा बेताचीच आहे. बीअरी आणि बॅनक्रॉफ्ट यांच्या गमतीदार हमरीतुमरीने मात्र चित्रपटाचा पूर्वार्ध तोलून धरला आहे.

चित्रपटाचे खरे बळ त्यातील जहाजांत आहे. मूळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ त्या वेळी इतकी जीर्ण झाली होती की तिला समुद्रात नेणे शक्यच नव्हते. म्हणून एका जुन्या शिडाच्या मालवाहू जहाजाला युद्धनौकेचे रूप देऊन कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटाजवळ चित्रीकरण करण्यात आले. वाऱ्याने फुगलेली शिडे, डोलकाठ्यांवर सरसर चढणारे खलाशी, लाटांबरोबर कलणारा जहाजाचा डेक ही दृश्ये उघड्या समुद्रावर घेतलेली असल्यामुळे त्यांतील वजन आणि वेग आजही जाणवतो. क्रूझ यांनी याआधी ‘द कव्हर्ड वॅगन’ (१९२३) या चित्रपटात गाड्यांचा तांडा गवताळ मैदानातून नेला होता. माणसांच्या लहानशा समूहाला अफाट अवकाशात पाहण्याची तीच सवय त्यांनी येथे पाण्यावर आणली. पटकथालेखन आणि संकलन या दोन्हींत डोरोथी आर्झनर यांचा वाटा होता. पुढच्याच वर्षी त्या स्वतः दिग्दर्शक झाल्या आणि त्यांच्या पहिल्या चित्रपटाची नायिकाही एस्थर रॅल्स्टनच होती.

रिव्होलीतील प्रेक्षकांना या चित्रपटासोबत आणखी एक नवलाई पाहायला मिळाली. लोरेन्झो डेल रिचिओ यांनी विकसित केलेल्या ‘मॅग्नास्कोप’ या पद्धतीत प्रक्षेपकाला वेगळे भिंग लावून प्रतिमा एकाएकी मोठी केली जाई आणि त्याच वेळी पडद्याभोवतीची काळी किनार बाजूला सारली जाई. ‘कॉन्स्टिट्यूशन’ आपली नाळ (जहाजाचे पुढचे टोक) पुढे करून प्रेक्षकांच्या दिशेने येऊ लागली, तेव्हा चित्राने रंगमंचाची जवळजवळ सगळी जागा व्यापली. फिल्म नेहमीचीच ३५ मिलिमीटरची असल्याने मोठ्या झालेल्या चित्रात कणीदारपणा येई. त्यामुळे ही युक्ती निवडक प्रसंगांपुरतीच वापरणे शहाणपणाचे होते. आज लहान पडद्यावर हा मूकपट पाहणाऱ्याला त्या परिणामाची केवळ कल्पनाच करावी लागते.

इतिहासाशी मात्र चित्रपटाने बरीच मोकळीक घेतली आहे. ‘ओल्ड आयर्नसाइड्स’, म्हणजे लोखंडी कुशींची म्हातारी, हे टोपणनाव मुळी ट्रिपोलीच्या लढाईतले नाही. ते आठ वर्षांनंतरचे, १९ ऑगस्ट १८१२ रोजी ‘गेरियर’ या ब्रिटिश युद्धनौकेशी झालेल्या झुंजीतले आहे. शत्रूचे गोळे ओकच्या जाड फळ्यांवर आदळून परतताना पाहून खलाशांनी ते तिला बहाल केले. त्याहून मोठी गोष्ट अशी की १८०५ च्या तहात अमेरिकेने कैद्यांच्या सुटकेपोटी ६०,००० डॉलर मोजले होते. तोफांच्या धुरातून उमटणाऱ्या पडद्यावरील निर्भेळ विजयाला ही तडजोड मानवणारी नव्हती. ट्रिपोलीचे लोक केवळ क्रूर आणि लंपट दाखवले आहेत, त्यांच्या बाजूचे एकही पात्र माणूस म्हणून उभे राहत नाही. (बोरिस कार्लोफ हे पुढे भयपटांत गाजलेले नट येथे एका पहारेकऱ्याच्या किरकोळ भूमिकेत आहेत.) कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे जॉर्ज गॉडफ्री यांना लढाईत वाव मिळाला असला, तरी भूमिका वाट्याला आली ती जहाजावरील स्वयंपाक्याचीच.

या देशभक्तीला तात्कालिक कारणही होते. १७९७ साली बॉस्टन येथे जलावतरण झालेली ‘कॉन्स्टिट्यूशन’ वाचवण्यासाठी १९२५ पासून देशभर वर्गणी गोळा केली जात होती आणि शाळकरी मुलेही त्यासाठी पेनी-पेनी जमवत होती. अशा वेळी आलेल्या चित्रपटाने नौकेचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आणले. चित्रपट स्वतः मात्र भरमसाट खर्चाच्या मानाने तिकीटबारीवर फिका पडला. युद्धनौका जून १९२७ मध्ये दुरुस्तीसाठी सुक्या गोदीत नेण्यात आली आणि १९३१ मध्ये पुन्हा सेवेत दाखल होऊन अमेरिकेच्या बंदरांच्या दौऱ्यावर निघाली. बॉस्टनमध्ये ती आजही तरंगत्या अवस्थेत पाहता येते.