प्रीफेच पुसू नका, बिचारं तुमचंच काम करतंय

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर तो जुना मेसेज परत फिरत आला. कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ लागतो? विंडोज आणि आर दाबा, टेम्प टाइप करा, सगळं डिलीट, मग प्रीफेच टाइप करा, तेही सगळं डिलीट, पीसी रॉकेटसारखा पळेल! खाली अंगठ्यांची रांग. हा मंत्र मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय, आमच्या गल्लीतला रिपेरवाला पण आल्याआल्या हेच करायचा आणि दोनशे रुपये घेऊन जायचा. टेम्पचं ठीकय, तिथे बराचसा कचराच असतो, काढला तर थोडी जागा होते. पण प्रीफेच हे विंडोजच्या नोंदींचं फोल्डर, ते पुसणं म्हणजे किराणा दुकानातल्या पोऱ्याच्या हातातली यादी फाडायची आणि वर त्यालाच ओरडायचं, आण रे सामान पटपट.

यादी कसली ते सांगतो, पण आधी हार्ड डिस्कच्या आत जावं लागेल. मला तिथे जायला आवडतं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

जुन्या लॅपटॉपमधली साधी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते. म्हणजे सेकंदाला ९०, म्हणजे एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. आतल्या तबकडीवर अगदी थोड्या अंतरावरून माहिती वाचणारं एक हेड तरंगत असतं. तुम्हाला हवी असलेली माहिती ज्या ट्रॅकवर, म्हणजे तबकडीवरच्या ज्या गोल रेघेवर आहे तिथे आधी ते हेड सरकलं पाहिजे, त्याला सरासरी १२ मिलिसेकंद धरा. पोचलं तरी माहितीचा तुकडा नेमका खाली असेल असं नाही, तो फिरून येईपर्यंत थांबायचं, सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. बेरीज साडेसतरा. ऐकायला काहीच नाही ना? पण याचा अर्थ सेकंदाला जेमतेम ५७ तुकडे. त्याच एका सेकंदात प्रोसेसर अब्जावधी आकडेमोडी करू शकतो, आणि तो बसलाय हेडची वाट बघत, एसटी स्टँडवर बसल्यासारखा.

आता विंडोज चालू होताना किती तुकडे लागतात? हिशोबासाठी १०,००० धरू, एकेक १६ केबीचा. सगळे मिळून फक्त १६० एमबी. हे तुकडे ओळीने शेजारीशेजारी असते तर हीच डिस्क सेकंदाला ८० एमबीच्या वेगाने २ सेकंदात वाचून मोकळी झाली असती. पण ते विखुरलेले असतील आणि एकेक करून मागवले तर १०,००० गुणिले साडेसतरा, १७५ सेकंद, जवळपास तीन मिनिटं! डिस्क तीच आणि माहितीही तीच, सगळा वेळ धावपळीत गेला.

आणि ही धावपळ फार कमी करता आलेली नाही, मला तर हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. १९५६ साली आयबीएमची पहिली हार्ड डिस्क आली, रॅमॅक नावाच्या कॉम्प्युटरची, दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या आणि मावायचं पावणेचार एमबी. एक तुकडा शोधायला तिला सरासरी ६०० मिलिसेकंद लागायचे. त्यानंतर साठेक वर्षांत साध्या लॅपटॉपात १ टीबी यायला लागलं, म्हणजे जागा अडीच लाख पटीने वाढली, पण शोधायचा वेळ ६०० वरून साडेसतरावर, फक्त ३४ पट कमी. कारण खरंखुरं हेड खरोखर हलवावं लागतं, त्याला किती हाणणार.

आता यादी. विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, विंडोज चालू होताना स्वतःवरच पाळत ठेवतं. कुठल्या फाइलचा कुठला भाग लागला याची नोंद करून ती प्रीफेच फोल्डरमध्ये ठेवतं. एखादा प्रोग्रॅम उघडतानाही तसंच, पहिल्या १० सेकंदांत काय काय वाचलं त्याची नोंद. पुढच्या वेळी मागणी यायच्या आधीच यादी बघून सगळं एकगठ्ठा मागवून घेतं. एकगठ्ठा मागणी आली की हेडला एका दिशेने जात वाटेतले तुकडे उचलता येतात, लिफ्टसारखं. दुसरा, सातवा, चौथा, नववा असं बटण दाबलं तरी लिफ्ट उड्या मारत नाही, ओळीने थांबत जाते. डिस्कच्या रांगेच्या या पद्धतीचं नावच एलेव्हेटर अल्गोरिदम आहे. शिवाय नोंदींवरून लेआउट डॉट आयएनआय नावाची आणखी एक फाइल बनते आणि मशीन रिकामं बसलेलं असताना डीफ्रॅगमेंटर, म्हणजे विखुरलेल्या फायली आवरणारा विंडोजचाच प्रोग्रॅम, तिच्या क्रमाने फायली शेजारीशेजारी मांडतो, त्यामुळे हेडची धावपळ आणखी कमी होते. यादी फाडली की विंडोजला ती परत पहिल्यापासून करावी लागते आणि पुढचं स्टार्टअप उलट हळू होतं, एवढं धरून ठेवा. जुन्या नोंदी ते स्वतःच काढतं, तुमची मदत नकोय.

याच जातीच्या बाकीच्या समजुतीही सांगून टाकतो. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून सात-आठ वेळा रिफ्रेश मारणारे लोक आहेत, चांगले इंजिनिअर झालेले. त्याने डेस्कटॉपवरची चित्रं परत काढली जातात, रॅमबिम काही मोकळी होत नाही. एमएसकॉन्फिग नावाच्या विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या चार करा, हाही तसलाच प्रकार. ती सोय चाचणीसाठी कमी प्रोसेसर वापरायची आहे, काही निवडलं नाही तर विंडोज सगळेच वापरतं. दसऱ्याला सीपीयूला हळदकुंकू लावून झेंडू वाहतात त्याला माझी ना नाही, त्याने वेग वाढेल असं निदान कोणी म्हणत नाही. रजिस्ट्री क्लीनर आणि रॅम बूस्टरवाले मात्र म्हणतात, आणि वर स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात.

मग करायचं काय? कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात स्टार्टअपचा भाग बघा. ज्याच्यापुढे 'हाय' लिहिलंय त्याने चालू होताना ३ एमबीहून जास्त डिस्क किंवा १ सेकंदाहून जास्त प्रोसेसर खाल्लाय. चॅटची, गेमची, प्रिंटरची नको ती मंडळी डिसेबल करा, प्रोग्रॅम उडत नाही, फक्त आपणहून उठत नाही. अँटीव्हायरसला हात लावू नका.

पण खरं औषध एकच, एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. त्यात ना तबकडी ना हेड, तुकडा शोधायला साधारण ०.१ मिलिसेकंद, वरचे १०,००० तुकडे एकेक करून मागितले तरी एका सेकंदात हातात. तिथे यादीचाही फारसा फायदा उरत नाही. मशीन अचानक हळू झालं असेल, आतून टकटक येत असेल, तर मात्र आधी फोटो-कागद दुसरीकडे कॉपी करा. डिस्क मरायला टेकली की खराब जागा पुन्हापुन्हा वाचून बघते आणि तेवढ्यात विंडोज अडकून बसतं.

ज्यांनी तो मेसेज टाकला होता त्या काकांचा आठ वर्षं जुना लॅपटॉप मी रविवारी उघडला. दोन स्क्रू काढले, एसएसडी बसवली, विंडोज नवीन टाकलं. चहा कपात ओतेपर्यंत डेस्कटॉप आला. काकांनी लगेच माउस घेतला आणि सवयीने चार वेळा रिफ्रेश मारलं.